रेल्वे नसलेल्या गावचा डबा

आमच्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांना देवाने काही कमी केलेलं नाही. शिवनेरी दिला. अष्टविनायकांतले लेण्याद्री आणि ओझर असे दोन गणपती एकट्या जुन्नरला दिले. नारायणगावला टोमॅटो दिला आणि टोमॅटोपेक्षा रंगेल तमाशा दिला. उसात बिबटे दिले (हे मात्र त्याने जरा सढळ हाताने दिले). आंबेगाव तालुक्याला नाव दिलं ते अशा गावाचं, की जे गाव पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला आणि आंबेगाव पाण्यात, असा तो तालुका आहे. एवढं सगळं देताना देव एकच गोष्ट विसरला. रेल्वे.

रेल्वे आमच्याकडे कधीच नव्हती, पण येणार मात्र ती नेहमीच होती. मंचरच्या आमच्या घरी ओट्यावर बसून वडील, "पुणे-नाशिक रेल्वे झाली की..." असं वाक्य सुरू करीत. ते वाक्य पुरं न करताच ते गेले आणि वारसाहक्काने ते माझ्याकडे आलं. अलीकडे तर चांगला वेगवान गाडीचा आराखडा निघाला. मोजण्या झाल्या, हरकती झाल्या, चहाच्या टपरीवर स्टेशनाबाहेरच्या वडापावच्या गाड्यांच्या जागासुद्धा वाटून झाल्या. मग लक्षात आलं, की वाटेत खोडद आहे. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ती कोट्यवधी मैलांवरून येणारी अंतराळातली कुजबुज ऐकते. शेजारून विजेची गाडी धडधडत गेली तर तिला ऐकू कसं येणार? तेव्हा २०२५ साली रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगून टाकलं, की मार्ग नारायणगावावरून नेता येत नाही, तो शिर्डी-अहिल्यानगरकडून वळवतो. आकाशगंगेचा आवाज आमच्या गावात ऐकू येतो, इंजिनाच्या शिट्टीसाठी मात्र पुण्याला जावं लागतं. शास्त्रज्ञांवर माझा राग नाही. ते बिचारे ऐकण्याचं काम तरी करतात. इतरांना तेवढंही जमत नाही.

आता माझा राग कुणावर आहे ते सांगतो. तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर आहे. १९८३ साली मी त्याला इतिहासात ३५ मार्क देऊन पास केलं, ही माझ्या नोकरीतली मोठी चूक. त्या वेळीच नापास केला असता तर पुढचं टळलं असतं. आज सगळे त्याला शेठ म्हणतात. महामार्गापासून थोडं आत त्याचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथे कृषी कमी आणि पर्यटन जास्त. २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला आणि २०२५ च्या जुलैत शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून शेठच्या तोंडी 'हेरिटेज' हा शब्द असा बसला आहे, की परवा त्याने मला 'हेरिटेज मिसळ' खायला घातली. ती कालची होती, एवढंच.

तर शेठचा फोन आला. "सर, रेल्वे येत नाही ना? मग आपण डबा आणतो!"

मला वाटलं, कुठल्या तरी भंगारातून जुना डबा लिलावात मिळाला असेल. म्हातारपणीसुद्धा काळजाचा ठोका चुकला. धावतपळत गेलो. पाहतो तर चिकूच्या बागेत लोखंडी अँगलचा सांगाडा उभा, आणि दोन पोरं त्यावर फायबरचे पत्रे ठोकताहेत. पत्र्यांवर लाकडाच्या रेषा छापलेल्या. एका पत्र्यावर जिथे गाठ होती, तिथेच ती पुढच्या पत्र्यावरही होती, आणि त्याच्या पुढच्यावरही. एकाच झाडाला इतक्या शिस्तीने गाठी येत असत्या तर वनखात्याला पगार द्यावा लागला नसता. आत वातानुकूलित फॅमिली रूम. दारावर पितळी पाटीसाठी जागा सोडलेली. पाटीवर मजकूर ठरलेला: 'सन १९०५ चा अस्सल सागवानी डबा'. आणि खाली त्याचा इतिहास. तो लिहायला मी.

"दोनशे शब्द, सर. थोडा इंग्रजांचा काळ, थोडं भावनिक."

मी म्हटलं, "अरे, १९०५ साली इथे बैलगाडीसुद्धा चिखलात रुतायची!"

"म्हणूनच हेरिटेज," शेठ म्हणाला.

आता वाचक म्हणतील, मास्तर, एवढं काय मनावर घेता? पोरं येतील, फोटो काढतील, जातील. कुणाचं काय बिघडलं? हाच तो युक्तिवाद, ज्याने आपल्याकडची निम्मी गावं भिकेला लावली आहेत. फोटोच काढायचा आहे, मग खांब पोकळ चालेल. फोटोच काढायचा आहे, मग दगडी भिंतीऐवजी दगडाच्या रंगाची भिंत चालेल. जो माणूस फक्त फोटो काढून जाणार आहे त्याच्यासाठी आपण घर बांधायला लागलो, आणि जो त्यात राहणार आहे त्याला विचारायचंच राहून गेलं.

मी लाकडी डब्यातून गेलेलो आहे. १९६५ साली, बारा वर्षांचा असताना, मंचरहून एस.टी.ने पुण्याला आणि पुण्याहून पॅसेंजरने मुंबईला मामाकडे. आमच्या डब्याच्या भिंती, बाकं, झडपा, सगळं लाकडी. गाडी घाटात वळली की तो डबा कुरकुरायचा. मी घाबरलो तेव्हा वडील म्हणाले, "कुरकुरतोय म्हणजे ठीक आहे. वाकला नाही तर मोडेल." गाडीचे डबे आणि घरातली माणसं या दोघांनाही लागू पडणारं हे वाक्य मी पुढे बरेच दिवस जपून ठेवलं. पावसाची सर आली, खिडकीची झडप खाली ओढली, आणि ओल्या सागाचा, वंगणाचा आणि समोरच्या बाईंच्या डब्यातल्या मेथीच्या भाजीचा जो एकत्र वास आला, तो शेठच्या फायबरला हजार वर्षांत येणार नाही.

पुढच्याच वर्षी, १९६६ साली, आपल्या डेक्कन क्वीनचे मूळचे डबे गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले. ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा तिच्या डब्यांचे खालचे सांगाडे विलायतेहून आले होते, पण वरचे डबे बांधले होते आपल्या माटुंग्याच्या कारखान्यात. म्हणजे दख्खनची राणी ही माहेरची मुंबईकरीण. पोलादी डबे आले ते योग्यच झालं, बरं का. टक्कर झाली की लाकडी डबे एकमेकांत दुर्बिणीच्या नळीसारखे घुसत, फळ्यांचे भाले होत, आणि दिव्यांचा गॅस पेटला की होळीच. मुंबई-पुणे मार्गावर पुन्हा लाकडी डबे लावा असं मी म्हणणार नाही. मला माझ्या नातवंडांचं प्रेम आहे. पण तासाला दहा-पंधरा मैलांनी डुलत जाणाऱ्या हौसेच्या गाडीला लाकडाची भीती कशाला?

आणि असे डबे दुरुस्त होतात. हे मी ऐकीव सांगत नाही, त्याची रीत समजून घ्यायला मी बरीच वर्षं घालवली आहेत. (सौ.च्या मते ती वाया घातली आहेत.) वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक चिमुकली रेल्वे १९५१ साली गावोगावच्या हौशी लोकांनी चालवायला घेतली. मागून इंग्लंडात अशा कितीतरी रेल्वे निघाल्या. त्यांना डबे कुठून मिळाले? शेतांतून आणि परसांतून! रेल्वेने मोडीत काढलेले डबे लोकांनी नेऊन कोंबड्यांची खुराडी केली होती, बागेतल्या खोल्या केल्या होत्या. या मंडळींनी कोंबड्या बाहेर काढल्या आणि सुतार आत घातले. आमच्या दोन तालुक्यांत कोंबड्या लाखांनी आहेत, खुराडी मैलभर लांब आहेत, फक्त त्यातल्या एकाचाही कधी आगगाडीचा डबा नव्हता. नशीब एकेकाचं.

लाकडी डबा कुजतो तो नेहमी खालून. पाणी खिडकीतून शिरतं. खिडकीची काच दाराच्या पोटात उतरते, तिच्याबरोबर पाणीही उतरतं, आणि तळाच्या आडव्या तुळईत जाऊन बसतं. वरून वॉर्निश चकाकत असतं आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो. मग अडाणी माणूस काय करतो? सगळं उचकटतो आणि नवं ठोकतो. जाणता सुतार तसं करीत नाही. तो एका वेळी एक फळी काढतो, तिला नंबर टाकतो, कारण सगळ्या फळ्या एकदम काढल्या तर सांगाड्याचा गुण्या चुकतो, आणि मग दार म्हणून या जन्मात लागत नाही. बोटांनी ठोकत ठोकत कुजकं कुठे संपतं ते तो ऐकतो. तेवढंच कापतो. उरलेल्या जुन्या लाकडाला नव्या वाळलेल्या सागाचा तिरपा सांधा देतो. लाकूड वाळवायला जुना हिशेब आहे, इंचाला एक वर्ष. तीन इंची तुळई हवी असेल तर तीन वर्षं आधी मनात आणावं लागतं. छताला फळ्या, फळ्यांवर कॅनव्हास, कॅनव्हासवर रंगाचे थर. मग बाहेरून वॉर्निशचा हात, घासणं, पुन्हा हात, पुन्हा घासणं. एक वेळ अशी होती, की गाडीची चाकंसुद्धा लाकडी असत. मॅन्सेल नावाच्या इंग्रजाने १८४८ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. मध्ये सागाचे सोळा तुकडे आणि भोवती पोलादी धाव. आमच्या बैलगाडीच्या चाकाचा विलायतेतला मावसभाऊच तो.

हे सगळं मी शेठला सांगितलं. त्याने मध्ये तीन फोन घेतले, पण ऐकलं. आणि मग ३५ मार्कांच्या त्या मुलाने मला असा प्रश्न विचारला, की मी गप्पच झालो.

"सर, तुम्हीच आम्हाला सहलीला लेण्याद्रीला नेलं होतंत. ते चैत्य दाखवून काय म्हणालात? म्हणालात, बघा, हे छताचे वासे लाकडाचे वाटतात, पण दगडात कोरलेत. मग ती लाकडाची नक्कल चालते आणि माझी चालत नाही?"

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. सौ.ने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "शाळेत शिकवलेलं अंगावर आलं." रात्रभर लेण्याद्रीच्या त्या फासळ्या डोळ्यांपुढे. खरंच की! गणपतीच्या शेजारच्या त्या चैत्यात ज्या कमानी कोरल्यात, त्यांना छत पेलायचं नाही. छत डोंगराने पेललंय. लाकडी घरात जो वासा कामाचा होता, तो इथे केवळ आठवण म्हणून आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरला शेठचा पूर्वज होता की काय?

उत्तर पहाटे सापडलं, आणि ते सापडलं कार्ल्याला. कार्ल्याच्या चैत्यात छताला जे वासे आहेत ते खऱ्या सागाचे आहेत. सुमारे दोन हजार वर्षं झाली, अजून आहेत. पुणे-मुंबई गाडीतून मळवलीला उतरावं आणि जाऊन बघावं. तेच वासे आमच्या पाथरवटाने लेण्याद्रीला दगडात कोरले. त्याने नक्कल केली, पण लाकडाहून कठीण वस्तूत केली, लाकडाहून दसपट घाम गाळून केली, आणि लाकूड कसं वागतं हे हातात मुरलेलं असल्याशिवाय ती त्याला करताच आली नसती. शेठ नक्कल करतो ती लाकडाहून स्वस्त वस्तूत, दीड दिवसात, आणि लाकडाला कधी हात न लावलेल्या पोरांकडून. शिवाय त्या पाथरवटाने 'अस्सल सागवानी' अशी पाटी लावली नव्हती! दान देणाऱ्यांनी लेण्यांत शिलालेख कोरले, पण त्यात आपण काय दिलं तेवढंच लिहिलं. टाकं दिलं तर टाकं, खोली दिली तर खोली.

सकाळी हे फोनवर सांगितलं. शेठ म्हणाला, "सर, तुम्ही सरकारपेक्षा कडक आहात." आणि इथे मात्र त्याचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. कारण शेठ एकटा नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात अहमदाबादहून एकतानगरला 'हेरिटेज' गाडी निघाली, तिचं इंजिन वाफेच्या इंजिनासारखं दिसतं आणि चालतं विजेवर. आमच्या माथेरानच्या गाडीच्या एका डिझेल इंजिनालाही असाच वाफेचा मुखवटा चढवला. अहो, नाटकात राजाचं काम केलं म्हणून कुणी त्याच्या नावावर किल्ल्याचा सातबारा करून देत नाही! दार्जिलिंगची रेल्वे १९९९ साली जागतिक वारशात गेली, निलगिरीची २००५ साली, ती मुखवट्यामुळे नव्हे. तिथे खरी वाफ अजून फुसफुसते, आणि खऱ्या वाफेला खरा फिटर लागतो. माथेरानची लाइन १९०७ सालची, पीरभॉय घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधलेली, दोन फूट रुंदीची. वऱ्हाडात शकुंतलेचे रूळ गवतात पडले आहेत. या रुळांवर जुन्या रीतीने बांधलेले आणि जुन्या रीतीने दुरुस्त केलेले चार डबे रविवारी तरी धावावेत, आणि त्यांच्यामागे कारखान्यात दहा सुतारांची एक तुकडी कायमची असावी, एवढंच माझं मागणं आहे. डबा म्हातारा झाला तर नवा सांधा देता येतो. सुतार म्हातारा झाला आणि त्याच्या हाताखाली पोरगा नसला, तर सांधा कोण देणार?

हे मी फार तावातावाने लिहितो आहे, कारण मी स्वतः चोर आहे.

मंचरला आमचा वाडा होता. १९९६ साली माजघरातला एक खांब खालून बसला. आम्ही सुतारमामांना बोलावलं. मामांनी खांबावर बोटांनी वरपासून खालपर्यंत ठोकलं आणि म्हणाले, "खालचा दीड फूट ग्येलाय. वरचं शंभर वर्सं जाईल. तेवढंच काढू, नवा सांधा देऊ." किती दिवस लागतील? तर महिना. किती पैसे? तर आकडा ऐकून आम्हा तिघा भावांना अचानक स्लॅबचं महत्त्व पटलं. वाडा उतरवला. सागवान पुण्याच्या एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला घनफुटाने विकलं. माझ्या वाट्याला आलेल्या पैशांत स्कूटर आली. ती आठ वर्षं चालली. खांब शंभर वर्षं चालणार होता.

म्हणून परवा शेठने पुन्हा बोलावलं तेव्हा मी गेलो तो जरा नरमाईनेच. पाहतो तर डब्यापाशी सुतारमामा उभे. शेठने त्यांना मुद्दाम आणलं होतं. फायबरच्या डब्याला निदान दार तरी खऱ्या सागाचं असावं, म्हणजे हाताला 'फील' येतो. (मी इतकं बोललो त्याचा एवढाच परिणाम.) मामा आता ऐंशीच्या घरात. मुलगा चाकणला मॉड्युलर किचनं बसवतो. बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून एखाद-दुसरा गाडा मामांच्या हाताखालून जातो, तेवढंच काम. त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली, आत डोकावले आणि अगदी साधेपणाने विचारलं, "शेठ, दार बसवतो. पण चौकटीचं कुसू कशात घालू? हितं लाकूडच नाय."

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी चिकूच्या झाडाकडे पाहिलं.

मग चहाला आम्ही कचेरीत गेलो. तिथे दर्शनी भागात शेठने 'पेशवाई लूक' म्हणून चार जुने खांब उभे केलेत, व्यापाऱ्याकडून विकत आणून. मी तिथे दहा वेळा चहा प्यालोय आणि दहाही वेळा खांबाकडे पाठ करून बसलोय. मामा मात्र सरळ दुसऱ्या खांबापाशी गेले. कमरेइतक्या उंचीवर चाकूने पाडलेल्या आडव्या खाचा आहेत, एकावर एक सात. दर पाडव्याला वडील मला खांबाला उभं करून डोक्यावर खाच पाडीत. मामांनी त्या खाचांवरून अंगठा फिरवला, मला काही विचारलं नाही, आणि खाली बसून ठोकायला लागले. टण, टण, टण. मग तळाशी आल्यावर आवाज बदलला. ढब.

"रोज फरशी धुता का हितं?"

"दोनदा," शेठ अभिमानाने म्हणाला.

"दीड फूट ग्येलाय."

शेठ घाबरला. खांबावर माळा आहे, माळ्यावर पाण्याची टाकी आहे. "मामा, वरून फायबरचं..." त्याने वाक्य सुरू केलं आणि माझं तोंड बघून सोडून दिलं. मग विचारलं, "किती दिवस?"

"म्हयना."

मी शेठला बाजूला घेतलं. म्हटलं, तू हा खांब मामांकडून कर, आणि चाकणहून त्यांच्या पोराला महिनाभर हाताखाली बोलव, त्याचा रोज मी देतो. मग तुझ्या डब्याची पाटी मी आजच्या आज लिहून देतो. शेठने हिशेब केला. चेहऱ्यावर त्याच्या आमच्या तिघा भावांचा १९९६ सालचा चेहरा येऊन गेला, पण माळ्यावरच्या टाकीकडे बघून तो हो म्हणाला. मी तिथेच पाटीचा मजकूर लिहिला: 'आगगाडीच्या डब्यासारखी खोली. फायबरची. या गावात रेल्वे कधी आली नाही.' शेठने वाचला. "सर, हे दोनशे शब्द नाहीत."

"कापून टाकलेत," मी म्हटलं. "कुजले होते."

मामा अजून खांबापाशीच होते. खडूने तिरपी रेघ मारून झाली होती. मी विचारलं, "मामा, पण एवढं वाळलेलं लाकूड आणणार कुठून? इंचाला एक वर्ष म्हणता तुम्ही."

"हाय की," मामा म्हणाले. "तुमच्या वाड्याची माजघरातली तुळई. उतरवताना मजुरीत घेतली व्हती मी. तवापासून माळ्यावर पडून हाय." त्यांनी टेपचा आकडा वाचायला चष्मा पुसला. "मास्तर, ह्ये टोक धरा जरा."